चष्म्यातला पाहुणा

सुरुवातीलाच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. सगळेच असं लिहितात, पण मी उगाच म्हणायचं म्हणून म्हणत नाही. माझ्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि गावी परतल्यावर पहिलं काम काय केलं, तर देव्हाऱ्यातले टाक नेऊन नदीत सोडले. अंगात येणं, उतारा, बाहेरची बाधा... यातला एक शब्द कोणी काढला तरी ते जेवत्या ताटावरून उठायचे. त्या घरातली मी मुलगी. तुमचं हे भुताच्या अनुभवांचं सदर मी वाचते ते दुपारी मशीनवर बसल्या बसल्या करमणूक म्हणून. माझं फॉल-पिकोचं काम आहे. तुमच्या गोष्टींतल्या बायांना नेहमी पांढरीच साडी का असते, एकीनंही कधी फॉल लावलेली, पिको केलेली चांगली रंगीत साडी का नेसू नये, असा प्रश्न मला धंद्यामुळे पडायचा.

तर माझ्या गोष्टीत पांढरी साडी नाही. मध्यरात्र नाही, पिंपळ नाही. जे झालं ते लाखनीत, हायवेपासून आत दुसऱ्या गल्लीत, आमच्या तीन खोल्यांच्या घरात, दिवसाउजेडी झालं. कोरोना संपून शाळा नीट सुरू झाल्या होत्या, त्यानंतरची गोष्ट.

आमचे हे एसटीत कंडक्टर. जिल्हा एक होता तेव्हापासून भंडारा-गोंदिया गाडीवर. पुढे गोंदिया वेगळा जिल्हा झाला तरी यांची गाडी तीच राहिली. रिटायरमेंट जवळ आली असताना यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. म्हणजे सगळंच नाही गेलं. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं तोंडात बसलेली वाक्यं कधीकधी राहून जातात. आमच्या यांची राहिली ती गाडीतली. भूक लागली की "सुट्टे द्या". लघवीला लागलं की "थांबा, थांबा". राग आला की "मागच्या गाडीनं या". माझं नाव गेलं, मुलाचं नाव गेलं आणि "पुढे सरका" तेवढं राहिलं. पहिल्यांदा मी रडायचे, मग हसायला लागले, मग दोन्ही सुटलं.

लकव्याचं माणूस घरात असणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल. उचलणं, पुसणं, भरवणं याची सवय होते हो. सवय होत नाही ती सारखं लक्ष ठेवायची. यांना मध्येच उठायची लहर यायची आणि तोल गेला की हे उजव्या अंगावर धाडकन पडायचे. म्हणून एकटं सोडायची सोयच नव्हती. मी आंघोळीला गेले तरी दाराला फट ठेवून मोठ्यानं काहीबाही बडबडत राहायचे, म्हणजे मी जवळच आहे हे यांना कळावं. सुरुवातीला भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. मग हळूहळू जो तो आपल्या कामाला लागला, त्यांचं तरी काय चुकलं म्हणा.

त्यात माझं स्वतःचं दुखणं. गर्भपिशवीत गाठ, अंगावरून जाणं थांबेना. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवी काढावीच लागेल, टाळू नका, तुमच्या अंगात रक्त उरलेलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, मी इथं झोपले तर तिकडे यांच्याजवळ कोण बसेल?" त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, पण या प्रश्नावर गोळी नव्हती. मुलगा पुण्याला, नोकरी नवीन, सुट्टी मिळेना. रोज व्हिडिओ कॉलवर "आई, काळजी घे" म्हणायचा. मोठी नणंद अड्याळला, शांताताई, यांना अजूनही 'बाबू' म्हणणाऱ्या, त्यांचे गुडघे गेलेले आणि घरात धानाची शेती. "मी तुझ्या घरी येऊन बसली तर इथचं कोण पाहील व?" म्हणाल्या. खरंच होतं ते. ऑपरेशन मी पुढे ढकलत गेले. चक्कर आली की मशीनचा कोपरा धरायचा, गेली की पुन्हा पाय चालवायचा.

आणि अशात एका रविवारी पल्लवी आली. माझ्या बहिणीची मुलगी, नागपूरला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. बॅगेतून तिनं एक जाड काळा चष्मा काढला, त्याची वायर मोबाईलला जोडलेली.

"मावशी, यातून माणूस दिसते," ती म्हणाली. "खराखुरा नाही, कॉम्प्युटरनं बनवलेला. पण आपल्याच घरात, आपल्याच फरशीवर उभा दिसते. पेशंटच्या पुढे पुढे चालते. त्याच्यानं पेशंटले चालायचा हुरूप येते का, हा आमचा प्रोजेक्ट आहे. काकाजीवर करून पाहू का?"

"पाह्य बाई," मी म्हटलं. "माझ्यानं तर नाही उठले ते. तुझ्या चष्म्यानं उठले तर उठले."

"आन् चालणं झालं की तो बसते. त्याच्यासाठी एक जागा ठरवून द्या लागते. एखादी खुर्ची आहे का?"

आतल्या दाराजवळ लाल प्लास्टिकची खुर्ची होती, ती दिली. तिनं मोबाईल धरून तिच्याभोवती दोनदा फिरवला, बटणं दाबली आणि चष्मा यांच्या डोळ्यांवर चढवला. थोडा वेळ काहीच नाही. मग यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. डावा हात वर झाला.

"पुढे सरका," हे म्हणाले.

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. "पुढे सरका... आत जागा आहे." आणि हे चक्क काठीवर भार टाकून उठले! व्यायाम शिकवायला येणारा मुलगा विनवण्या करून थकला होता, मी शपथा घालून थकले होते, कोणासाठी म्हणून हे उठले नव्हते. पण वाटेत मध्येच उभा असलेला पॅसेंजर यांना बघवला नाही. पल्लवीनं म्हणे त्या माणसाला असं शिकवून ठेवलं होतं की पेशंट जवळ आला की त्यानं तेवढंच पुढे व्हायचं. म्हणजे हे म्हणायचे "सरका" आणि तो मुकाट्यानं सरकायचा. एसटीच्या आख्ख्या नोकरीत इतका शहाणा पॅसेंजर यांना भेटला नसेल. स्वयंपाकघरापर्यंत गेले, परत आले. मी मागून कमरेला हात लावून चालत होते आणि मला हसू का रडू कळत नव्हतं.

मग पल्लवीनं चष्मा मला लावून दिला. खुर्चीवर एक माणूस बसलेला होता. चाळिशीतला असेल, आकाशी शर्ट, काळी पँट, दोन्ही हात गुडघ्यांवर. दिसायला एखाद्या ग्रामसेवकासारखा. नीट पाहिलं तर खोट होती. तो खुर्चीला टेकलेला नव्हता, मध्ये बोटभर हवा होती. आणि त्याची नजर... तो माझ्याकडे बघायचा, पण डोळ्यांकडे नाही, कानाकडे. पल्लवी म्हणाली, ते अजून जमलं नाही आम्हाला, तेवढं फसलं आहे. खोटा आहे हे इतकं स्पष्ट दिसत असताना मी काय केलं असेल? पदर सावरला. पल्लवी खो खो हसली.

"सगळ्यायचंच होते असं, मावशी. डोक्याले मालूम असते की नाही आहे, पण अंगाले नाही पटत. कोणीच त्याच्या अंगातून आरपार नाही जात, वळसा घेऊन जातात. चष्मा काढला तरी त्या खुर्चीत बसायले माणूस अनमान करते."

चष्मा आणि मोबाईल ती ठेवून गेली. मी रोज सकाळी यांना तो लावायचे आणि हे पॅसेंजर हाकत चालायचे. पल्लवी म्हणाली होती तसंच माझंही झालं. त्या लाल खुर्चीवर मी पूर्वी धुतलेले कपडे टाकायचे, ते टाकेनासे झाले. झाडताना खुर्ची उचलायच्या ऐवजी तिच्या भोवतीनं झाडू फिरवायचे. स्वतःशीच हसायचे. आम्ही त्याला पाहुणा म्हणायला लागलो. मला त्याची भीती वगैरे काही वाटली नाही. खरं सांगू? बरं वाटायचं. कितीतरी दिवसांनी आमच्या घरी कोणीतरी येऊन बसत होतं.

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. मी चष्मा लावला होता, यांनी लावला होता, आमच्या डोक्यात तो बसला, संपलं. पण शेजारची कुंदा... तिनं चष्मा कधी पाहिलाही नव्हता. मी तिला सांगितलंही नव्हतं, कारण कुंदाला सांगितलं असतं तर साऱ्या गल्लीत माणसं चष्मा लावायला रांगेनं उभी राहिली असती. ती एका दुपारी साडी घेऊन आली. पलंगावर हे झोपलेले, माझ्या स्टुलावर मी, मोकळी फक्त ती खुर्ची. कुंदा खुर्चीपर्यंत गेली, थांबली आणि खाली फरशीवर बसली.

"अवं, खाली काहून बसली? खुर्ची आहे ना."

"राहू दे," ती म्हणाली. मग खुर्चीकडे बघून जरा ओशाळली. "कायनं की. बसावंसं नाही वाटलं बाप्पा."

मी तेही सोडून दिलं. उन्हाळ्यात फरशी गार लागते, बसली असेल. मग एक दिवस सिलिंडरवाला आला. भरलेलं सिलिंडर खांद्यावर, मान वाकडी, घामानं डोळे मिटलेले. आतल्या दाराशी पोचला आणि म्हणाला, "भाऊ, जरा पाय घ्या."

हे तर पलंगावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मी विचारलं, "कोणाले म्हटलं?"

त्यानं सिलिंडर खाली टेकवलं, वळून पाहिलं. "बसून होते ना कोणी?" मग स्वतःच म्हणाला, "नाही काय... जाऊ द्या, ऊन लागून राहिलं मले."

मी त्याला पाणी दिलं. त्या दिवशी चष्मा पेटीत बंद होता, मोबाईल चार्जिंगला. घाबरायला पाहिजे होतं, पण त्या दिवसांत मला इतका थकवा होता की घाबरायलाही अंगात काही शिल्लक नव्हतं. सिलिंडर लावलं, भात टाकला.

पुढे पल्लवीचा प्रोजेक्ट संपला. ती येऊन चष्मा घेऊन गेली, मोबाईल घेऊन गेली. जाताना म्हणाली, कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून सगळं पुसून टाकावं लागते, पेशंटची माहिती असते त्याच्यात. मला वाटलं, झालं, आता हे पुन्हा पलंग धरतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी खुणेनं काठी मागितली, खुर्चीकडे बघून "चला" म्हणाले आणि चालायला लागले. समोर कोणी नाही, डोळ्यांवर काही नाही. "पुढे सरका, पुढे सरका" करत स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आले. पल्लवीला फोनवर सांगितलं तर ती खूश झाली, म्हणाली, सवय लागली मावशी, हेच तर पाहिजे होतं.

आता जे सांगते ते झालं कापणी सुरू होण्याच्या जरा आधी. त्या आठवड्यात माझं रक्त फार गेलं होतं. दुपारी लग्नघरच्या साड्यांचा ढीग घेऊन मशीनवर बसले. हे पलंगावर, माझ्या पाठीमागे. डोळे मिटले ते मला कळलंच नाही. जाग आली तेव्हा डोकं मशीनवर, गालाला बॉबिनचा वळ, आणि मागे पलंग रिकामा. समोरचं दार सताड उघडं.

मी कशी धावले सांगता येत नाही. पायात चप्पल नव्हती. गल्ली संपली की हायवे, आणि हायवेवर ट्रक कोणासाठी थांबत नाही, हे लाखनीत शेंबडं पोरही जाणतं. मी एकच गोष्ट बघत होते, रस्त्यावर कुठे गर्दी जमली आहे का. गर्दी नव्हती. हायवेच्या पलीकडे एसटी थांब्याच्या बाकावर हे बसलेले होते. काठी दोन पायांच्या मध्ये, चेहरा शांत, गाड्या बघत.

मी रस्ता ओलांडून गेले आणि तिथेच खाली बसले. शेजारी एक म्हातारी शेंगा विकत बसायची, तिनं मला पाणी दिलं.

"कायले रडतं व बाई? बरोब्बर आले ना थे. पाहुणा होता ना सोबत."

"कोण पाहुणा?"

"थो निळ्या सदऱ्याचा. रस्त्यावर थो पुढं झाला, हे मागं. ट्रकवाला थांबला पाह्य, मीच पाहून राहिली होती. इथं बसवून देलं त्यानं."

"हात धरून आणलं?"

"हात नाही लावला काही. पुढं पुढं चालत होता. ह्यायचं आपलं चालूच, पुढं सरका, पुढं सरका." म्हातारी हसली. मग म्हणाली, "मी पुसलं त्याले, कोण गावचे म्हणून. बोलला नाही. माणूस चांगला दिसते, पण तोंडाकडे नोता पाहत. माह्या कानाकडेच पाहून राहिला होता."

मी इकडेतिकडे पाहिलं. थांब्यावर कॉलेजच्या दोन मुली आणि एक बोकड घेतलेला माणूस, बाकी कोणी नाही. "आता तं होता," म्हातारी म्हणाली आणि गिऱ्हाईक आलं म्हणून तिकडे वळली.

रात्री पल्लवीला फोन केला. तिनं मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मावशी, तुम्हीच कधी सांगितलं असेल त्या बाईले." मी त्या बाईशी त्याआधी एक शब्द बोललेली नाही. शेंगासुद्धा कधी घेतल्या नव्हत्या.

हे हायवे ओलांडून गेले, ही बातमी अड्याळला पोचली आणि शांताताई दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन हजर. गुडघे धरत धरत पायऱ्या चढल्या आणि म्हणाल्या, "मी राहीन. तू जा, करून ये तुयं ऑपरेशन. उद्या तूच गेली तं याले कोण पाहील?" कापणी? "होते कापणी. पोरं आहेत ना." मी त्यांना यांच्या औषधांच्या वेळा सांगितल्या, "सुट्टे द्या" म्हणजे भूक आणि "थांबा" म्हणजे भांडं द्यायचं हे सांगितलं. पाहुण्याचं काहीच सांगितलं नाही. म्हातारं माणूस, एकटं राहणार, कशाला? आणि सांगणार तरी काय होते.

ऑपरेशन झालं, दोन बाटल्या रक्त चढवलं. हॉस्पिटलात मी झोपले, नुसती झोपले. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, तुम्ही झोपेत सारखं "आले, आले" म्हणत होता.

मुलगा तेवढ्यापुरता दोन दिवस आला होता, त्यानंच मला गाडीनं घरी आणून सोडलं आणि तो औषधं आणायला बाहेर गेला. शांताताई स्वयंपाकघरात वांगी चिरत होत्या. मी भिंतीला धरून दाराशी उभी राहिले, म्हटलं, "ताई, फार त्रास झाला असेल तुम्हाला."

"छे व, कायचा त्रास? तो माणूस होता ना." त्या विळीवरून मान वर न करता म्हणाल्या. "मले आधी सांगा लागत होतं, माणूस ठेवला आहे म्हणून. मी पहिल्या दिवशी दचकली ना."

"कोणता माणूस, ताई?"

"अवं, थो नाही का, निळ्या शर्टाचा. लकव्याच्या पेशंटले ठेवतात ना तसा. दुपारी मी जरा पाठ टेकली की येऊन बसे खुर्चीवर. बाबूकडे ध्यान देऊन राहे. मग मी खुशाल झोपो. चहा पुसला, घेत नोता. म्हटलं, असन नेम त्याचा."

"रोज यायचा?"

"रोज. काल गेला." ताईंनी विळी बाजूला केली. "बाबूनंच घालवला त्याले. बसला होता थो चांगला. बाबूनं त्याच्याकडे पाहिलं आन् म्हणते, 'उतरा. आलं तुमचं.' तसा उठला आन् गेला. मी म्हटलं आता हा पुन्हा नाही येत."

"कशावरून?"

"जाताना 'येतो' नाही म्हणाला ना व. आपल्यात कोणी 'येतो' म्हटल्याशिवाय जाते का? जाणाराच माणूस तसा जाते."

मी ताईंना खरं काय ते सांगितलं नाही. आजही त्यांना वाटतं की मी कोणी माणूस ठेवला होता, आणि तो चहासुद्धा न घेणारा, मोठ्या नेमाचा माणूस होता.

नंतर मी पुष्कळांना विचारलं. पल्लवीला विचारलं, तिनं तिच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, चष्मा लावणाऱ्याच्या मेंदूला असा माणूस खरा वाटू शकतो, वागण्यात तसा फरक पडतो. मग ज्यांनी चष्मा लावला नाही त्यांचं काय, यावर ते म्हणाले, लोक एकमेकांचं बघून वागतात. तुम्ही खुर्ची टाळत होता, त्यावरून बाकीचेही टाळायला लागले असतील. असेल. कुंदाचं तसं असेल, सिलिंडरवाल्याचंही मानते मी. पण ट्रक कोणाचं बघून थांबला? कुंदाला शेवटी मी सांगितलंच, तर ती म्हणाली उतारा करून टाक. आमच्या घरात उतारा होत नाही. मुलगा म्हणतो, आई, तुझं हिमोग्लोबिन किती होतं तेव्हा? माझे वडील असते तर तेही हेच म्हणाले असते, की अंगात रक्त नसलं की माणसाला काहीही दिसतं. पण मी सांगते ना, मला काहीच दिसलं नाही. चष्मा काढल्यापासून तो मला एकदासुद्धा दिसलेला नाही. दिसला तो बाकीच्यांना. मी ज्याची वाट बघितली असती, त्यानं मलाच तेवढं तोंड दाखवलं नाही, याचं कधीकधी वाईट वाटतं.

आता कुंदा येते, त्या खुर्चीवर धपकन बसते आणि तासभर उठत नाही. हे काठीनं चालतात, थोडंच, पण चालतात. "पुढे सरका" म्हणत नाहीत. मी विचार करणं सोडून दिलं आहे. ज्याला याचा अर्थ लागत असेल त्यानं जरूर कळवावं, माझी काही हरकत नाही. मला लागलेला नाही.

एक सांगायचं राहिलं. हॉस्पिटलातून आले त्याच संध्याकाळी ताईंशी ते बोलणं झालं आणि मी पुढच्या खोलीत आले. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, अशा सूचना होत्या, आणि पलंगावर यांची चादर ओली दिसत होती. मी तिथे उभी. आता हे कसं करायचं, कोणाला हाक मारायची, याचा हिशोब डोक्यात चाललेला. हे माझ्याकडे बघत होते. कानाकडे नाही, नीट डोळ्यांकडे. लकवा झाल्यापासून मला उद्देशून हे एक वाक्य बोलले नव्हते. बोलायचे ते सगळं पॅसेंजरला असायचं. यांनी डावा हात उचलला, खुर्चीकडे केला.

"जागा झाली," म्हणाले. "बस."

"बसा" नाही म्हणाले. "बस" म्हणाले. पॅसेंजरला यांनी आयुष्यात कधी अरेतुरे केलं नाही.

मी बसले. खुर्ची साधी प्लास्टिकची, एक पाय जरा डुगडुगणारा. आतून ताईंनी हाक मारली, भाजीत तिखट किती घालू म्हणून. "घाला तुमच्या अंदाजानं," मी बसल्या जागेवरून म्हटलं, आणि उठले नाही.